सिटी की एसएक्स-फोर? जुनी सेडान घेण्याआधी

दोन-तीन लाखांत मोठ्या डिकीची पेट्रोल सेडान शोधायला निघालं, की ज्या जोड्या हमखास समोर येतात त्यांतली एक म्हणजे होंडा सिटी आणि मारुती एसएक्स-फोर. सिटी म्हणजे तिची २००८च्या सप्टेंबरात इथे आलेली आणि २०१३च्या अखेरीपर्यंत विकली गेलेली पिढी. एसएक्स-फोर २००७च्या मे महिन्यातली. २०१४मध्ये मारुतीचीच सियाझ आली आणि एसएक्स-फोरचा बाजार उठला. जाहिरात पाहिली की घरात लगेच दोन तट पडतात. मुलाला सिटीच हवी असते, कारण ती सिटी आहे. वडिलांचं एकच पालुपद, मारुतीचे पार्ट कुठेही मिळतात.

दोघांचंही खरं आहे आणि दोघांच्याही म्हणण्याचा फारसा उपयोग नाही. गाडी नवी असते तोवर कंपन्यांची तुलना करावी. चौदा-पंधरा वर्षांनंतर दारात उभी असते ती एका माणसाने आपल्या सवयींनी वापरलेली, एका ठरावीक हवेत उभी राहिलेली, कधी वेळेवर तर कधी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत सर्व्हिस झालेली एक गाडी. दुसरीचाही तसाच स्वतंत्र इतिहास. म्हणून मागितलेली किंमत थोडा वेळ बाजूला ठेवा आणि दोन्ही गाड्यांचा पहिल्या वर्षाचा खर्च काढा. किंमत अधिक हा खर्च, हीच त्या गाडीची खरी किंमत. पुढचं सगळं पाहणं हा आकडा काढण्यासाठी आहे.

मॉडेलमधले काही फरक मात्र आजही खिशाला लागतात. सिटीचं इंजिन १,४९७ सीसीचं, एसएक्स-फोर पेट्रोलचं १,५८६ सीसीचं. रस्त्यावर या ८९ सीसीचं कुणाला काही वाटणार नाही, पण विम्याला वाटतं. थर्ड पार्टी विम्याची एक रेषा १,५०० सीसीवर आखलेली आहे. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांत १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारला वर्षाला ३,४१६ रुपये आणि त्यापुढच्या कारला ७,८९७ रुपये पडतात, जीएसटी वेगळा. एसएक्स-फोर घेणाऱ्याला हा दुपटीहून मोठा हप्ता दर वर्षी भरायचा असतो आणि विकणारा तो आपण होऊन कधीच सांगत नाही. दुसरा फरक टायरचा. सिटीला १७५/६५ आर१५, तर एसएक्स-फोरला मॉडेलप्रमाणे १९५/६५ आर१५ किंवा २०५/६० आर१६. टायर रुंद आणि मोठा, तसं बिलही मोठं.

एसएक्स-फोरच्या बाजूनेही बोलायला हवं. ती उंच आहे. पाच माणसं आणि सामान भरून गावाकडच्या रस्त्याला लागलं की सिटी गतिरोधकावर पोट घासते, ही तिची जुनी खोड. एसएक्स-फोर तिथून आरामात निघून जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सिटीत खाली बसावं लागतं आणि उतरताना दाराचा आधार घेऊन उठावं लागतं. घरात सत्तरीतले आईवडील असतील तर त्यांना दोन्ही गाड्यांत मागे बसवून पाहा. ही चाचणी मेकॅनिक करत नाही. उलट सिटी वजनाने हलकी आहे, तिचं इंजिन मोकळेपणाने फिरतं आणि शहरात चालवायला ती हाताला हलकी लागते.

दोन्ही पेट्रोल इंजिनांना टायमिंग चेन आहे, टायमिंग बेल्ट नाही. विकणारा 'टायमिंग बेल्ट आत्ताच बदललाय' असं छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याची बाकीची विधानंही त्याच मापाने मोजा. बाहेरून दिसणारा अल्टरनेटरचा पट्टा वेगळा, तो बदलला असेल तर ठीक.

सिटीच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका, ती म्हणजे ताकाता एअरबॅग. ताकाता कंपनीच्या एअरबॅग फुगवणाऱ्या डबीतलं रसायन उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षांत बिघडतं. अपघातात ती डबी फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर येऊ शकतात. जगभर त्यासाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या, आपल्याकडे या पिढीच्या सिटीही. भाग कंपनीकडून फुकट बदलून मिळतो, पण गाडी दोन-तीन हातांतून फिरली की सूचना पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाते आणि काम राहून जातं. आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिला, की काम झालंय की बाकी आहे ते कळतं.

आता कागद. गाडी पाहायला जाण्याआधीच आरसीचा फोटो मागवा. द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाण्यात पेट्रोल घालवू नका. फोटो आला की आधी नोंदणीची तारीख बघा. खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं, म्हणजे २०११ची गाडी २०२६मध्ये रि-पासिंगला येते. ही मुदत जवळ आली की बरेच जण गाडी विकायला काढतात, त्यात गैर काही नाही. पण तो खर्च आणि ती यातायात कोणाची, हे आधी ठरायला हवं. एप्रिल २०२२पासून कारच्या रि-पासिंगचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. मुदत उलटून गेली असेल तर दर महिन्याला ५०० रुपये दंड. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर, आणि निरीक्षकासमोर गाडी उभी करायची तर दिवे, हॉर्न, ब्रेक, काचा सगळं ठाकठीक करून घ्यावं लागतं. एकदा झालं की पाच वर्षं बघायला नको. 'रि-पासिंग करून देतो' असं तोंडी आश्वासन मिळालं तर ते काम पूर्ण होऊन नवी मुदत आरसीवर दिसेपर्यंत मोठी रक्कम देऊ नका.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तेही पाहा. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण नोंद कुणी काढलेली नसते. ती निघाल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होणार नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. गंमत अशी, की मधल्या काळात बँकच नाहीशी झालेली असू शकते. कर्ज देना बँकेचं किंवा विजया बँकेचं असेल, तर त्या दोन्ही २०१९मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, म्हणजे पत्र तिथून आणायचं. ही धावपळ विकणाऱ्याने करायची, तुम्ही नव्हे.

ऑनलाइन चलनं थकलेली आहेत का ते गाडीच्या नंबरवरून दोन मिनिटांत कळतं. एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवणं बंधनकारक झालं आहे. ती नसेल तर तेही काम खर्चात धरा. सीएनजी किट असेल तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात त्याची नोंद हवी आणि टाकीची चाचणी तीन वर्षांच्या आतली हवी. नोंद नसलेलं किट म्हणजे अपघातात विमा कंपनीच्या हातात दिलेलं आयतं कारण. तसंही टाकी बसवल्यावर डिकी उरत नाही, मग सेडान घेण्यात हशील काय!

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिकडे जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. गाडी चांगलीही असेल, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने नोंदणी, पुन्हा इथला कर आणि अनेक महिन्यांची ये-जा हे सगळं जोडलं की स्वस्ताई उरत नाही. आरटीओत ओळखीपाळखी नसलेल्या साध्या माणसाने महाराष्ट्र पासिंगच्याच दोन गाड्यांमध्ये निवड करावी असं मला वाटतं.

गाडी पाहायला सकाळी जा आणि आधीच बजावून ठेवा, की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी ती तुमच्यासाठी तयार करून ठेवली आहे. थंड इंजिनच खरं बोलतं. सुरू होताना सेकंदभर साखळी खडखडली आणि खडखड रेंगाळली, तर ऑइल बदलण्यात हयगय झाली असणार. एका माणसाला सायलेन्सरपाशी उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गार सकाळी थोडी पांढरी वाफ चालेल, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबेना तर कुलंट आत शिरत असण्याची शक्यता आहे, आणि ते काम मोठं. गाडी बंद असताना ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ, चिकट थर दिसला तर तिथूनच नमस्कार करावा. कुलंटच्या बाटलीत गंजलेलं तपकिरी पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. एवढ्या एका बाटलीवरून माणसाचा स्वभाव कळतो.

किल्ली फिरवा, पण सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवरचे इशारा-दिवे सगळे लागले पाहिजेत आणि गाडी सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा मुळात लागतच नसेल, तर बिघाड झाकायला तो कुणीतरी काढून ठेवलेला असू शकतो. दिवा लागत नाही हे 'सगळं ठीक आहे' याचं लक्षण समजून माणसं फसतात.

ठोकलेली गाडी ओळखायला रंगापेक्षा बोल्ट पाहा. बोनेटच्या आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट कारखान्यात गाडीच्या रंगासोबतच रंगतात. त्यांच्या कडांवरचा रंग निघालेला असेल तर पाना लागलेला आहे. दाराच्या चौकटीचा रबर बोटाने थोडा ओढा. आतल्या पत्र्यावर ठरावीक अंतरावर गोल वेल्डिंगचे ठसे दिसतात. ते गायब किंवा वेडेवाकडे असतील तर तो भाग कापून जोडलाय. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादनाचं वर्ष सूचित करणारी खूण असते. सगळ्या काचा २०११च्या आणि एकच २०१७ची, तर त्या बाजूला काय घडलं होतं हा प्रश्न विचारा. बंपर किंवा एखादं दार रंगवलेलं असणं हा गुन्हा नाही. पंधरा वर्षांत पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ओरखडा न पडलेली गाडी मला तरी संशयास्पद वाटते. पुढची चेसिस आणि खांब यांना मात्र हात लागलेला नको.

पुरात बुडालेली गाडी हे त्याहून मोठं संकट. २००५चा मुंबईतला २६ जुलैचा पूर या गाड्यांच्या आधीचा. पण ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा या गाड्या रस्त्यावर होत्या. धुऊन-पुसून त्या दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटापर्यंत ओढून बाहेर काढा. शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे गाळाची आडवी रेघ दिसली की बाकी तपासायची गरज नाही. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनी काढल्यावर खालच्या खोलगट जागेत माती आहे का, पायाखालचा गालिचा उचलल्यावर कुबट वास येतो का, हेही बघा. अशा गाडीच्या वायरिंगचे रोग एकेक करून पुढची तीन वर्षं बाहेर पडत राहतात. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यालगत राहिलेल्या गाडीला पूर लागलेला नसतो, पण खाऱ्या हवेने तिचा तळ खाल्लेला असू शकतो. ती रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय बोलणी नकोत.

किलोमीटरच्या आकड्यावर मी फार विसंबत नाही. पंधरा वर्षं चाललेली गाडी ४८,००० किलोमीटर दाखवते आणि तिच्या क्लचच्या पेडलचा रबर झिजून गुळगुळीत झालेला असतो, स्टिअरिंगचं कातडं चकाकतं, ड्रायव्हरच्या सीटची उतरण्याकडची कड दबलेली असते. यांतलं खोटं कोण ते उघड आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवर जुन्या नोंदी असतात. मालकाला सोबत नेलं तर बऱ्याचदा त्या दाखवतात आणि प्रत्येक सर्व्हिसला मीटर किती होता ते कळतं. २०१६ला ९१,००० आणि आज ६२,००० असा चमत्कारही त्यात सापडू शकतो. दीड लाख किलोमीटर चाललेली पण नोंदी नेटक्या असलेली गाडी मी कमी चाललेल्या, बिनकागदी गाडीपेक्षा केव्हाही वर ठेवीन. पेट्रोल इंजिनाला, ऑइल वेळेवर मिळालं, तर दीड लाख म्हणजे काही शेवट नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलण्याच्या यादीत घाला.

चालवून बघताना दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. सिटी शनिवारी हायवेवर आणि एसएक्स-फोर पुढच्या बुधवारी गल्लीत चालवली, तर तुलना कसली करणार? खड्ड्यांचा एखादा पट्टा, थोडा चढ आणि मोकळा सरळ रस्ता एवढं असलं की पुरे. काचा बंद, गाणी बंद. हळू वेगात खड्ड्यांवरून नेताना पुढून टकटक आली तर लिंक रॉड किंवा बुश. हे काम आटोक्यातलं. स्टिअरिंग वळवताना खडखड हाताला जाणवली तर रॅक तपासून घ्या, ते महाग पडतं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपत आली. सरळ रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते का बघा. परत आल्यावर एसी चालू ठेवून दहा मिनिटं जागेवर उभी करा. पंखा सुरू होतो का, गारवा टिकतो का, पेट्रोलचा वास येतो का? हा शेवटचा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या आल्या तेव्हा ते मिश्रण पंपावर नव्हतं. जुने रबरी पाइप, सील तडकलेले असतील तर ते बदलायचे, एवढं मेकॅनिकला आवर्जून सांगा.

ऑटोमॅटिक गिअर असेल तर मी तरी हात आखडता घेतो. त्या जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची बिलं असतील आणि थंड असतानाही झटका न देता गिअर पडत असेल, तरच विचार करा.

हे सगळं झालं की तुमच्या विश्वासातल्या मेकॅनिकला, त्याला त्याचे पैसे देऊन, दोन्ही गाड्या दाखवा. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक कामाचा नाही. तुमच्या मेकॅनिककडूनही तोंडी 'मस्त आहे' नको, खर्चाची यादी लिहून घ्या.

समजा, सिटीचे २,६०,००० सांगितलेत. तिला सर्व्हिस आणि सगळी तेलं मिळून ८,०००, बॅटरी ५,०००, लिंक रॉड-बुश ६,०००, रि-पासिंगचं सगळं मिळून १०,००० आणि थर्ड पार्टी विमा ३,४१६. हे झाले ३२,४१६, म्हणजे गाडी पडली २,९२,४१६ला. एसएक्स-फोर १,९५,०००ला आहे. पण तिला सर्व्हिसचे ८,०००, चार टायर २४,०००, क्लच १४,०००, एसीचा कॉम्प्रेसर १८,०००, रि-पासिंग १०,००० आणि विमा ७,८९७. बेरीज ८१,८९७, म्हणजे गाडी २,७६,८९७ची. पासष्ट हजारांचा फरक साडेपंधरा हजारांवर आला. विमा सोडला तर बाकी आकडे मी मानलेले आहेत, तिथे तुमच्या यादीतले घाला. मग निवड सोपी होते. एवढ्याशा फरकात, शहरातल्या माणसाने नोंदी चांगल्या असलेली सिटी घ्यावी. महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्याने, मागे म्हातारी माणसं बसणार असतील तर, एसएक्स-फोर घेऊन तिच्यावर खर्च करावा. तिचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली. इंजिनाचं सामान अजून मिळतं, पण हेडलाइट, बंपर, दारांचे आतले भाग यांची तुमच्या शहरात चौकशी करून ठेवा. दोन्ही गाड्यांची बेरीज बजेटच्या बाहेर गेली तर दोन्ही सोडा. पुढच्या आठवड्यात तिसरी येते.

ही यादीच घासाघिशीचं खरं हत्यार. 'थोडं कमी करा ना' म्हणण्यापेक्षा टायरची तारीख आणि क्लचचा अंदाज समोर ठेवला की समोरचाही आकड्यात बोलू लागतो.

व्यवहार ठरल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. मालकी हस्तांतराच्या या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन गाडी महिनोन्‌महिने फिरवणारे दलाल असतात. त्यांच्याकडे आरसीवरचा मालक कोण आणि समोर पैसे घेणारा कोण, याचा मेळ घाला. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाचं अधिकारपत्र लागतं, ते मागायला संकोच करू नका. पैसे बँकेतून द्या. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सहीने करा, म्हणजे आदल्या रात्रीचं चलन तुमच्या गळ्यात पडणार नाही. विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा आणि तुमचा नवा घ्या. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्या. थर्ड पार्टी संरक्षण गाडीसोबत येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आपोआप येत नाही. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही.

गाडी घरी आणली की मागची बिलं कितीही ताजी असोत, इंजिन ऑइल, फिल्टर, कुलंट आणि ब्रेकचं तेल बदलून घ्या आणि त्या दिवसाचा मीटर वहीत लिहून ठेवा. पुढच्या सर्व्हिसची मोजणी तिथून.